थिएटरातून बाहेर पडताना जे वाटलं, तेच खरं मत की घरी आल्यावरचं?

मागच्या रांगेतली :

मी सिनेमातली जाणकार नाही. शुक्रवारी काय लागलंय ते बघायचं, कुणी सोबत आलं तर बरं, नाहीतर एकटीनं जायचं, परीक्षणं परत आल्यावर वाचायची, एवढाच माझा कारभार. २०२५ मध्ये थिएटरात पाहिलेल्यांपैकी चार चित्रपटांबद्दल लिहिते आणि मग जे विचारायचंय ते विचारते. छावा आणि दशावतारचे शेवट खाली फुटणार आहेत. ज्यांचे पाहायचे राहिलेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

छावा. फेब्रुवारीत, लागला त्याच आठवड्यातल्या रविवारी. एक खुर्ची रिकामी नव्हती. बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून जो गलका सुरू होतो तो थांबत नाही. रहमानचं संगीत मला त्या काळात बसलेलं वाटलं नाही, आणि येसूबाईंच्या वाट्याला निरोप देणं आणि वाट पाहणं याखेरीज फारसं काही आलेलं नाही. तरी शेवटी महाराज साखळदंडात, समोर कवी कलश, एक ओळ याची, एक ओळ त्याची, तिथे सगळा हॉल गोठला. शेजारचे अनोळखी काका मध्यंतरापासून हाताची घडी घालून बसले होते. घडी न सोडता ते हमसून रडत होते, खांदे तेवढे हलत होते. मीही रडले. दिवे लागले तरी मिनिटभर कुणी उठलं नाही. दारात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

एप्रिलमध्ये तो ओटीटीवर आला, म्हणून घरी परत लावला. अर्ध्या तासात रिमोट हातात आला. लढाई आली की आवाज कमी, बोलणं आलं की जास्त. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, घोषणा देतात, असं वाटायला लागलं. अडीच.

स्थळ. मार्च महिना, दुपारचा खेळ, माझ्यासकट अकरा जण. मोजायला फार वेळ लागला नाही. सुरुवातीलाच मुली 'मुलगा बघायला' येतात त्या स्वप्नाला सगळे खळखळून हसले. मग खरे पाहुणे येतात. सविता स्टुलावर येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पुन्हा पाहुणे, पुन्हा स्टूल, तेच प्रश्न. दुसऱ्या वेळी थोडे हसले. पुढच्या वेळी कुणीच नाही. हसू कसं कमी होत गेलं ते मला ऐकू येत होतं. चित्रपटाने काय साधलं ते मला पडद्यापेक्षा त्या दहा जणांनी जास्त सांगितलं.

दशावतार. प्रभावळकरांसाठी गेले आणि त्यांनी निराश केलं नाही. पाऊणशे पार केलेला माणूस पडद्यावर असा वावरतो तेव्हा आपण आपली पाठदुखी बाहेर कुणाला सांगू नये. नजर अधू होत चाललेला दशावतारी नट बाबुली मेस्त्री, त्याने आता थांबावं म्हणणारा मुलगा, हा सगळा भाग मला घरातला वाटला. मुलगा गेल्यावर मात्र चित्रपट सूडाच्या गाडीत बसतो आणि मग थांबे ठरलेले. हॉलमध्ये शिट्ट्या पडत होत्या. मी वाजवली नाही, पण हात वर गेला होता हे कबूल करते.

धुरंधर. तीन तास चौतीस मिनिटं. अक्षय खन्ना आला की जाग यायची, तो गेला की घड्याळ. याहून जास्त लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल.

आता प्रश्न. माझी मैत्रीण म्हणते, छावाला घरी दिलेले अडीच हे तुझं मत, थिएटरातले पाच म्हणजे साथीचा ताप. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. चित्रपट बनवतात तो अंधारात, मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बघायला. तिथे जे वाटलं ते खरं. घरी इस्त्री करता करता जे वाटलं त्याला मत कशाला म्हणायचं? बोला.

सरळसोट :

मैत्रिणीशी सहमत, तुमच्याशी पूर्ण असहमत.

हॉलमधलं वाटणं खरं असतं यात वाद नाही. पण ते कशाबद्दल वाटलं? छावाच्या शेवटी तुम्ही आणि ते काका रडलात ते संभाजी महाराजांसाठी. इतिहास आपल्याला माहीत, कादंबरी निम्म्या लोकांनी वाचलेली, शाळेत धडा ऐकताना डोळे भरलेले. तुम्ही हॉलमध्ये शिरतानाच अर्ध्या रडलेल्या होता. दिग्दर्शकाने शेवटचा अर्धा-पाऊण तास त्या दुखऱ्या जागेवर बोट दाबून धरलं. नुसता काळा पडदा ठेवून कुणी चांगल्या आवाजात बखर वाचली असती तरी लोक रडले असते. त्याचे पाच गुण लक्ष्मण उतेकरांना कसे काय?

आणि गर्दीचं म्हणाल तर जुलैत सैयाराला हॉलमध्ये हुंदके देणाऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ फिरत होते. त्यांना हसणारे बरेचसे लोक फेब्रुवारीत छावाला रडून आले होते. आपली गर्दी ती भावना आणि दुसऱ्याची गर्दी ती लाट, असं चालणार नाही.

मागच्या रांगेतली :

सैयाराला मी हसले नव्हते, कारण पाहिला नाही. पण बखरीचा मुद्दा लागला खरा. तरी एक सांगा, स्थळच्या वेळी आम्ही अकरा जण होतो. अकरा जणांची कसली लाट?

सरळसोट :

अकरा जणांचीही येते. लग्नाच्या पंगतीत एकाने ताटावरून हात काढला की रांग उठते, तसं.

रीळवाला :

मी बारा वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून थोडं तांत्रिक. धागाकर्तीने दोनदा एकच चित्रपट पाहिलाच नाही.

थिएटरात संवाद पडद्यामागून येतात. पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून. डावीकडे, उजवीकडे, मागे वेगळे स्पीकर, आणि तोफ, टापा, नगारा यांच्यासाठी खालच्या पट्टीचा एक स्वतंत्र. ५.१ नावाच्या ध्वनिरचनेतला तो 'पॉइंट वन' म्हणजे हाच. तो कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणं, होतं तेव्हा ती खोली ठरावीक मापाला लावलेली असते, साधारण ८५ डेसिबल धरून. हॉलवाले पुढे आवाज कमीजास्त करतात ती गोष्ट वेगळी.

घरी हे सगळं टीव्हीच्या खाली तोंड करून बसलेल्या दोन इवल्या स्पीकरांत कोंबलं जातं. मग संवाद गर्दीत दबतो. तुम्ही आवाज वाढवता, तेवढ्यात तोफ येते, तुम्ही कमी करता. रिमोट हातात आला तो चित्रपट वाईट म्हणून नव्हे. ओटीटीसाठी नीट वेगळं मिक्सिंग केलेलं असलं तर हे कमी होतं, पण टीव्हीच्या पत्र्यातून नगारा काही यायचा नाही.

म्हणून अडीच गुण तुमच्या टीव्हीला. पण पाचही काढून घ्या. छातीत जे हललं ते काही अंशी त्या खालच्या पट्टीने हलवलं. ते अभिनयाच्या खात्यावर मांडू नका. मोठा आवाज हा आमच्या धंद्यातला सर्वांत स्वस्त मसाला आहे आणि हल्ली सगळे तो मूठमूठ टाकतात. हळू आवाजात बोलणारं पात्र तोफेच्या शेजारी ऐकू आणून दाखवा, मग मानू.

उगाचच :

म्हणजे थिएटरात स्पीकरने रडवलं, घरी स्पीकरने चिडवलं. विकी कौशलने नक्की केलं काय?

रीळवाला :

मेहनत केली. ती दिसते. मी ऐकू येण्याबद्दल बोलतोय.

पायपेटी :

छावाचं चालू द्या. मला दशावतारबद्दल बोलायचंय, कारण 'सूडाच्या गाडीत बसतो' हे वाक्य मला खटकलं.

दशावतारी नाटकात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या होतात. सुरुवातीला गणपती येतो, संकासुर येतो, त्यात थट्टामस्करी असते, बायकांची कामं पुरुषच करतात, कलाकार स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. रात्र चढत गेली की मूळ आख्यान लागतं. आणि आख्यानात काय होतं? कुणीतरी माजतो, देव रूप घेऊन येतो, त्याला संपवतो. चित्रपटाचा उत्तरार्ध त्याच चालीने जातो. आधी घर, विनोद, मग असुर, मग अवतार. तुम्ही ज्याला ठरलेले थांबे म्हणता, ते त्या नाट्यप्रकारात शेकडो वर्षं ठरलेलेच आहेत. प्रेक्षकाला शेवट माहीत असतो. तो येतो ते देव आज कसा येतोय हे बघायला. तुमचा हात वर गेला ना? तो बरोबर जागी गेला होता. तोंडात बोट घालायचं राहिलं एवढंच.

लोक याला कांतारा या कन्नड चित्रपटाची नक्कल म्हणतात तेव्हा तर हसूच येतं. मुखवटा आणि जंगल दिसलं की नक्कल? तिकडे दैव अंगात येतं. इथे माणूस पात्र रंगवतो आणि रंग पुसला की पुन्हा बाबुली असतो. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मागच्या रांगेतली :

हे मला अजिबात सुचलं नव्हतं. आख्यानाची चाल पटली. पण मग एक अडचण राहते. नाटकातला असुर असुरच असतो, त्याला बायको-मुलं, पगार, वरिष्ठ काही नसतं. चित्रपटात त्याच्या जागी खाणीतल्या पैशामागे लागलेली हाडामांसाची माणसं आहेत. त्यांना एकेक करून संपवल्यावर खाण थांबते का? पूर्वार्धात जंगलाचा प्रश्न खरा वाटत होता, उत्तरार्धात तो चार वाईट माणसांचा झाला.

पायपेटी :

हे मात्र बरोबर. यावर माझ्याकडे उत्तर नाही. अवताराने कंपनी बंद पडत नाही.

कातरवेळ :

तुम्ही सगळे गर्दी बरी की वाईट यावर भांडताय. ज्या चित्रपटाला गर्दीच होऊ देत नाहीत त्याचं काय करायचं?

१२ सप्टेंबरला दशावतार लागला. त्याच दिवशी आरपार, त्याच दिवशी बिन लग्नाची गोष्ट. तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी, एकमेकांच्या पायात पाय. पुढच्या शुक्रवारी, १९ तारखेला, रोहन कानवडेचा साबर बोंडं आला. जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं मोठं परीक्षक पारितोषिक मिळवलेला मराठी चित्रपट. तोपर्यंत दशावतार जोरात होता, हिंदी आणि दाक्षिणात्य होतेच. मला खेळ सापडला तो सकाळचा, कामाच्या दिवशी. सुट्टी टाकून गेलो.

हॉलमध्ये आम्ही चौघं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, लग्नाबद्दल नातेवाइकांचे प्रश्न, जुना मित्र बाळ्या. कॅमेरा एका जागी ठेवलेला. कुठे रडायचं ते सांगायला पार्श्वसंगीत नाही. मी माझ्याच श्वासाचा आवाज ऐकत बसलो होतो. रीळवाल्यांना आवडेल. तिथे शेजारी काका नव्हते आणि स्पीकरही छातीवर बसत नव्हता, तरी माझ्या घशात आवंढा आलाच. म्हणून मला तुमचं मूळ गृहीतकच पटत नाही. अंधार लागतो, मोठा पडदा लागतो, मान्य. माणसं लागत नाहीत. उलट मागच्या रांगेतल्या एकाच्या मोबाइलचा उजेड चार वेळा पडला, तेवढी माणसं मला जास्तच झाली.

सरळसोट :

सुट्टी टाकून गेलात, पारितोषिक माहीत होतं, हॉलमध्ये चौघं. म्हणजे 'मी इथे आलोय' याचाही थोडा आवंढा असेल. रागावू नका, पण ती पण एक लाटच. छोटी.

कातरवेळ :

रागावलो नाही. थोडी टोचली, म्हणजे असेलही.

तिसरी घंटा :

थोडं अवांतर. छावाला आमच्या पुढच्या रांगेत पाच-सहा वर्षांची मुलं होती. शेवटच्या भागात एक पोर सीटखाली जाऊन बसलं. आईबाप त्याला वर ओढून "बघ, बघ" म्हणत होते. पडदा बघू की त्या पोराला, मला कळेना. त्या दिवशीचं माझं मत त्या पोराने ठरवलं, आणि ते शून्य होतं.

याला आळा नाही का? प्रमाणपत्रावर 'यूए १६+' होतं ना?

रीळवाला :

होतं. पण २०२४ च्या नव्या नियमांनी यूएचे ७+, १३+, १६+ असे जे तुकडे झाले ते पालकांना सल्ला म्हणून. पालक सोबत असले की दारावर कुणी अडवत नाही. अडवायचं असेल तर 'ए' लागतं, धुरंधरला होतं तसं.

उगाचच :

धुरंधरच्या वेळी लहान मुलं नव्हती, तरी मोठेच मध्येमध्ये सीटखाली गेले होते. झोपायला.

तिसरी घंटा :

हे असं बोलून विषय मारू नका हो. इतिहास मुलांना दाखवायचाय हे मलाही कळतं. पण हॉलभर लोक रडताना पाहून सहा वर्षांच्या पोराला इतिहास कळत नाही, एवढंच कळतं की मोठी माणसं घाबरलीत. धागाकर्तीला विचारते : त्या पोराला थिएटरात जे वाटलं तेही 'खरं मत' का?

मागच्या रांगेतली :

याचं उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. कारण तुमचा प्रश्न वाचून मला माझंच काहीतरी आठवेना.

सरळसोटांनी मघाशी बखरीचं म्हटलं होतं ते डोक्यात होतंच. म्हणून काल छावाचा फक्त शेवटचा भाग परत लावला. इस्त्री नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत, दिवे बंद, कानात हेडफोन. म्हटलं, रीळवाल्यांचीही तक्रार नको.

तापलेल्या सळया येतात तिथे मी थांबले. मागे नेलं, परत पाहिलं. ती दृश्यं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. डोळ्यांचा प्रसंग, त्यानंतरचा. थिएटरात यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. खाली मान घालून माझ्या पर्सच्या पट्ट्याकडे बघत बसले होते. पट्ट्याची शिवण उसवली आहे, ती मला नीट आठवते. काकांचे हलणारे खांदे आठवतात कारण मी पडद्याऐवजी तिकडे बघत होते. बाकी सगळं कानांनी. आणि एप्रिलमध्ये घरी पाहिला तेव्हाही तो भाग मी नक्की पाहिला नव्हता, पळवला होता. तेव्हा वाटलं, 'पाहिलाय की एकदा.'

तर त्या पोराने आणि मी एकच केलं. ते सीटखाली गेलं, मला वयामुळे जाता आलं नाही.

सरळसोट :

म्हणजे पाचही न पाहता आणि अडीचही न पाहता! एवढा धागा कशावर चाललाय मग?

मागच्या रांगेतली :

हसा. पण थिएटरातले पाच न पाहता असले तरी न ऐकता नाहीत. रीळवाले, शपथेवर सांगते, त्या भागात मला तोफ आठवत नाही, नगारा आठवत नाही. ओळींची देवाणघेवाण आठवते. शब्द न् शब्द नाही, पण एकाने सुरू केलं की दुसरा पुरं करतो, ते.

रीळवाला :

काल हेडफोनवर ऐकलंत ना? तिथे मागे काहीतरी चालूच असणार. परत ऐका, फक्त मागचं.

मागच्या रांगेतली :

ऐकलं. तुम्ही म्हणता तसं आहे. आता तेच ऐकू येतंय, ओळी नाही. हे तुम्ही चांगलं केलं नाहीत.

पायपेटी :

मग आता गुण किती?

मागच्या रांगेतली :

छावाला थांबा म्हणते. स्थळला माझे साडेचार. तो घरी परत लावणार नाही, दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण हाताशी असलं की दुसऱ्या पाहुण्यांपाशीच मी ते दाबीन, मला माहीत आहे. आणि दशावतार पुन्हा कुठे लागला तर पायपेटींच्या शेजारची खुर्ची.

पायपेटी :

या. शिट्टी मी शिकवतो.